प्रौढ वयात एडीएचडीचे निदान झाल्यानंतर : काम अडते तिथेच आधार कसा उभारावा

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणे आणि चंचलता व उतावीळपणा यांवर ताबा ठेवणे अवघड करणारी, बालपणापासूनची मेंदूची ठेवण. प्रौढ वयात तिचे निदान झालेल्या माणसाला काय करायला हवे हे बहुधा आधीपासूनच ठाऊक असते. वेळेवर निघावे, काम शेवटच्या दिवसावर ढकलू नये, किल्ल्या ठरलेल्या जागी ठेवाव्यात, समोरच्याचे बोलणे मध्येच तोडू नये, हे त्याला लहानपणापासून असंख्य वेळा ऐकवलेले असते आणि त्याने स्वतःलाही तितक्याच वेळा बजावलेले असते. तरीही ठाऊक असलेली गोष्ट नेमक्या क्षणी हाताशी येत नाही. किल्ल्या जागेवर ठेवण्याचा निश्चय दारातून आत शिरताना आठवत नाही. तो आठवतो दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्या शोधताना. एडीएचडीतला बराचसा मनस्ताप जाणणे आणि करणे यांच्यामधल्या या अंतरातून येतो, आणि म्हणूनच आणखी उपदेश, आणखी संकल्प किंवा आणखी कडक वेळापत्रक यांचा फारसा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो जिथे काम अडते त्याच जागी, त्याच वेळी डोळ्यांसमोर असलेल्या आधाराचा. औषध असो, घरातली कामे असोत किंवा इतरांना ही स्थिती समजावून सांगणे असो, पुढचे विवेचन याच सूत्राला धरून केले आहे.

निदान नीट झाले आहे ना, हे आधी पाहावे

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारातून तयार झालेली प्रौढांसाठीची १८ प्रश्नांची एक स्व-चाचणी आहे, आणि तिच्यातले पहिले ६ प्रश्न प्राथमिक चाळणीसाठी वापरले जातात. ती उपयुक्त आहे, परंतु तिच्यात गुण जास्त आले म्हणजे निदान झाले असे होत नाही. एडीएचडी दाखवून देणारी रक्ताची तपासणी किंवा मेंदूचे चित्रणही नाही. मानसोपचारतज्ज्ञाने किंवा या क्षेत्रात प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाने सविस्तर मुलाखत घेऊन, आयुष्याचा क्रम समजून घेऊन हे निदान करायचे असते.

२०१३ साली आलेल्या ‘डीएसएम-५’ या अमेरिकी निदानपुस्तिकेनुसार अवधान न टिकण्याची ९ आणि अतिचंचलता-उतावीळपणाची ९ लक्षणे विचारात घेतात. १७ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीत यांपैकी कुठल्याही एका गटातली किमान ५ लक्षणे किमान ६ महिने टिकून असावी लागतात, त्यांतली काही १२ वर्षांच्या वयापूर्वी दिसलेली असावी लागतात आणि त्यांचा परिणाम आयुष्याच्या एकापेक्षा अधिक क्षेत्रांत, म्हणजे उदाहरणार्थ घरी आणि कामाच्या ठिकाणीही, जाणवावा लागतो. बालपणाची ही अट महत्त्वाची आहे, कारण थायरॉइडचे विकार, झोपेत श्वास अडखळणे, नैराश्य, चिंताविकार, बायपोलर आजार किंवा दीर्घकाळचा ताण यांमुळेही लक्ष उडते, विसराळूपणा वाढतो आणि कामे रेंगाळतात. ही कारणे तपासली गेली नसतील, तर तसे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे. एडीएचडीबरोबर नैराश्य किंवा चिंताविकार असणेही सर्रास आढळते, त्यामुळे एक निदान झाले म्हणून दुसऱ्याकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये.

भेटीला जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके मिळाल्यास न्यावीत. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’, ‘एका जागी बसत नाही’, ‘वही अपूर्ण’ असे शेरे त्यांत पुन्हा पुन्हा दिसतात. आईवडील किंवा मोठी भावंडे यांच्याशी आधी बोलून घ्यावे. शिवाय गेल्या काही महिन्यांतले नेमके प्रसंग लिहून न्यावेत. ‘मी फार विसरतो’ या वाक्यापेक्षा ‘पैसे खात्यात असूनही विजेचे बिल दोनदा थकले’ ही नोंद तज्ज्ञाला कितीतरी अधिक सांगते, आणि तपासणीच्या खोलीत ऐनवेळी काहीच आठवत नाही, हाही या स्थितीचाच भाग आहे.

मुलींच्या आणि स्त्रियांच्या बाबतीत निदान उशिरा होण्याचे प्रमाण मोठे आहे. वर्गात उड्या न मारणारी, खिडकीबाहेर पाहत बसणारी, रात्री जागून अभ्यास भरून काढणारी मुलगी कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही, आणि मोठेपणी घर, नोकरी, मुले यांचा भार एकत्र आल्यावरच तिने वर्षानुवर्षे केलेली ही कसरत तुटते. ‘आवडीच्या कामात तासन्‌तास बुडून जाता, मग कसला एडीएचडी?’ हा आक्षेपही अनेकांना ऐकावा लागतो. त्याचे उत्तर असे की अवधान कमी असण्यापेक्षा ते हवे तिकडे वळवता न येणे, आणि नको तेव्हा तिथून काढता न येणे, ही खरी अडचण आहे.

निदानानंतरचे पहिले काही महिने

सुटकेची भावना बहुधा पहिल्यांदा येते, आणि तिच्या मागोमाग राग आणि दुःख. शिक्षण अर्धवट राहिले, नोकऱ्या सुटल्या, नात्यांत कटुता आली, आळशी आणि बेजबाबदार ही विशेषणे कायमची चिकटली. वेळीच कोणाच्या लक्षात आले असते तर, हा विचार मनात पुन्हा पुन्हा येतो. या दुःखाला घाईने गप्प करू नये. ते योग्यच आहे, आणि समुपदेशकाजवळ किंवा अशाच अनुभवातून गेलेल्या लोकांच्या आधारगटात ते बोलून दाखवले तर हलके होते.

या काळात दोन गोष्टी टाळाव्यात असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पहिली म्हणजे नव्या उत्साहाच्या भरात नोकरी, व्यवसाय किंवा नाते यांविषयीचा मोठा निर्णय. आणि दुसरी म्हणजे एका रविवारी बसून संपूर्ण आयुष्याची नव्याने आखणी. नवी वही, नवे ॲप, पहाटेपासून रात्रीपर्यंतचे वेळापत्रक हे सगळे एकदम सुरू होते आणि एकदमच कोसळते, व त्याबरोबर निदानाविषयीचा विश्वासही डळमळतो.

घरातल्या इतरांकडेही या नजरेने पाहावे लागते. एडीएचडीवर आनुवंशिकतेचा प्रभाव मोठा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तो सुमारे ७० ते ८० टक्के इतका आढळला आहे. मुलाची तपासणी चालू असताना ‘हे तर सगळे माझेच वर्णन आहे’ असे आईच्या किंवा वडिलांच्या लक्षात येणे, ही प्रौढ वयातल्या निदानाची एक नेहमीची वाट आहे.

औषध आणि उपचार

मेंदूतील डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांच्या कार्यावर परिणाम करणारी औषधे एडीएचडीत वापरली जातात. मिथाइलफेनिडेटसारख्या उत्तेजक गटातल्या औषधांचा परिणाम त्याच दिवशी जाणवू शकतो. ॲटॉमॉक्सेटिनसारख्या अनुत्तेजक औषधाला पूर्ण परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात. कोणते औषध आणि किती मात्रा, हे डॉक्टर हळूहळू वाढवत ठरवतात, आणि त्या काळात रक्तदाब, नाडी, वजन, भूक व झोप यांवर लक्ष ठेवावे लागते. स्वतःला किंवा कुटुंबात हृदयविकार असेल, पूर्वी उन्मादाचे किंवा भ्रमाचे झटके आले असतील, व्यसन असेल, गर्भधारणा असेल किंवा तिची शक्यता असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगणे अत्यावश्यक आहे. उत्तेजक औषधांवर अनेक देशांत कायदेशीर नियंत्रण असल्यामुळे ती दुसऱ्याला देऊ नयेत, आणि परदेशप्रवासापूर्वी तिथले नियम पाहून डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी.

औषध लागू पडते आहे का, हे ‘बरे वाटते’ एवढ्यावर ठरवू नये. सुरुवातीलाच दोन-तीन ठोस गोष्टी निवडाव्यात, जसे की आलेल्या पत्रांना त्याच दिवशी उत्तर देणे किंवा एकदा बसल्यावर काम न सोडता करता येणारा वेळ, आणि रोज रात्री त्यांच्यापुढे एका शब्दात नोंद करावी. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर तीच वही ठेवावी.

मात्र औषध घेतल्यावर लक्ष लागते ते समोर जे असेल त्यावर, मग ते रखडलेले काम असो किंवा मोबाइल. म्हणून रचनेचे काम औषधाबरोबरच करावे लागते. २०१० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, औषध घेऊनही लक्षणे उरलेल्या प्रौढांना नियोजन, कामाचे तुकडे पाडणे आणि विचलन हाताळणे शिकवणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचाराचा फायदा, शिथिलीकरणाचे प्रशिक्षण घेणाऱ्यांपेक्षा अधिक झाल्याचे दिसले. असा उपचार करणारा तज्ज्ञ निवडताना तो एडीएचडी असलेल्या प्रौढांबरोबर काम करतो का, हे विचारून घ्यावे.

अडण्याची नेमकी जागा शोधणे

कोणतेही काम रखडले की ‘मी ते केले नाही’ एवढेच मनात नोंदले जाते. त्याऐवजी ते कोणत्या पायरीवर थांबले हे पाहण्याची सवय लावावी. आजारपणाच्या खर्चाचा विमा-दावा दाखल करायचा आहे असे समजा. कामांच्या यादीत ‘विमा’ एवढा एकच शब्द लिहिलेला असतो, आणि तो शब्द दोन महिने तसाच राहतो. प्रत्यक्षात या एका शब्दात बिले शोधणे, ती तारखेनुसार लावणे, त्यांची छायाचित्रे काढणे, संकेतस्थळाचा पासवर्ड आठवणे, तो चुकल्यास नवा घेणे, फाइलचा आकार कमी करणे आणि अर्ज पाठवणे अशी निदान सात कामे दडलेली असतात. त्यांतल्या पासवर्डापाशी गाडी अडलेली असेल, तर स्वतःला आणखी शिस्त लावून काही साधत नाही. पासवर्ड जपून ठेवणारे एखादे विश्वासार्ह ॲप बसवले की ही अडचण पुढच्या प्रत्येक कामातून जाते. आणि अडचण अगदी पहिल्या पायरीची असेल, तर आजचे काम ‘बिले कपाटातून काढून टेबलावर ठेवणे’ एवढेच लिहावे, व ते झाले की यादीतून खोडावे. सुरुवात छोटी असली तरी चालते, पण ती हातांनी करता येईल अशी असावी. ‘विचार करणे’ किंवा ‘पाहणे’ असे शब्द यादीत आले की काम पुन्हा धूसर होते.

वस्तूंच्या बाबतीत जे दिसत नाही ते नसल्यासारखेच होते. दाराशेजारी एक उघडी टोपली ठेवून किल्ल्या, पाकीट आणि ओळखपत्र यांना तिथेच जागा द्यावी. दुसऱ्या दिवशी न्यायची वस्तू दाराच्या वाटेतच ठेवावी, म्हणजे ती ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही. औषधाची डबी कपाटात बंद न करता रोज ज्याला हात लागतोच अशा गोष्टीजवळ असावी, अर्थात घरात लहान मुले असतील तर त्यांचा हात पोहोचणार नाही अशा बेताने. आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी घेतली तर ‘आज गोळी घेतली की नाही’ हा प्रश्नही सुटतो. चार्जरसारखी वस्तू दोन ठिकाणी लागत असेल तर दोन घ्याव्यात.

वेळेची अडचण याहून चिवट असते. एडीएचडी असलेल्या अनेकांना काळ ‘आत्ता’ आणि ‘नंतर’ या दोनच भागांत जाणवतो, आणि ‘नंतर’मधली गोष्ट ‘आत्ता’मध्ये येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. त्यामुळे वेळ डोळ्यांना दिसायला हवी. प्रत्येक खोलीत, विशेषतः न्हाणीघराजवळ, काट्यांचे घड्याळ असावे, कारण काट्यांमधले अंतर पाहून किती वेळ उरला हे आकड्यांपेक्षा लवकर उमगते. दहा वाजताच्या भेटीची नोंद दहाची करू नये. उलटा हिशेब करून ‘९.२० : घराबाहेर’ अशी करावी, आणि गजरालाही ‘भेट’ असे नाव न देता ‘उठा, पिशवी घ्या’ अशी कृती लिहावी. रोजच्या चार-पाच कामांना किती वेळ लागेल याचा आधी अंदाज लिहून मग प्रत्यक्ष वेळ मोजून पाहावी. अंदाज आणि वास्तव यांतली तफावत कागदावर दिसली की पुढचे नियोजन आपोआप सैल आणि खरे होते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात मांडलेली ‘जर-तर’ योजना इथे फार कामी येते. ‘मी व्यायाम वाढवीन’ असे ठरवण्याऐवजी ‘कामावरून आल्यावर चप्पल काढण्याआधी दहा मिनिटे चालून येईन’ असे ठरवले, की आठवण ठेवण्याची जबाबदारी मनावरून उतरून त्या प्रसंगावर जाते. मध्येच कोणी हाक मारली आणि हातातले काम सुटणार असेल, तर उठण्यापूर्वी कागदावर अर्धे वाक्य लिहावे : ‘तिसऱ्या रकान्यातली बेरीज तपासत होतो.’ परत आल्यावर धागा सापडतो.

एकट्याने सुरूच न होणारे काम दुसऱ्या माणसाच्या सोबतीने होते, हाही अनेकांचा अनुभव आहे. त्या व्यक्तीने मदत करायला हवी असे नाही. तिने शेजारी किंवा व्हिडिओ कॉलवर आपले काम करत बसावे, सुरुवातीला आपण काय करणार ते एकमेकांना सांगावे आणि शेवटी काय झाले ते सांगावे. पैशांच्या बाबतीत ठरावीक देयके आपोआप भरली जातील अशी सोय करावी, आणि खरेदीच्या संकेतस्थळांवर साठवलेला कार्डाचा तपशील काढून टाकावा, कारण कार्ड शोधायला लागणारी ती दोन मिनिटेच पुष्कळदा उतावीळ खरेदी थांबवतात.

यातली कोणतीही युक्ती काही आठवड्यांनी निष्प्रभ होऊ शकते. नावीन्य ओसरले की भिंतीवरचा फळा दिसेनासा होतो आणि गजर न ऐकताच बंद केला जातो. हे अपयश नव्हे, मेंदूच्या याच ठेवणीचा तो अपेक्षित परिणाम आहे. फळ्याची जागा बदलावी, गजराचा आवाज बदलावा, वहीऐवजी चिठ्ठ्या वापराव्यात. आधार काम अडते तिथे असावा हे तत्त्व तेवढे सोडू नये. एका वेळी एकच बदल करावा आणि तो रुळल्यावर पुढचा घ्यावा.

झोप आणि भावना यांविषयी थोडक्यात. अनेक प्रौढांत शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकलेले असते, त्यामुळे रात्री दिवे आणि मोबाइल-संगणकाचे स्क्रीन लवकर मंद करणे आणि सकाळी प्रकाशात जाणे यांचा लाभ होतो. राग, अपमान किंवा नकार यांची प्रतिक्रिया झटकन आणि तीव्र येत असेल, तर संदेश लिहावा, पण पाठवण्याआधी खोली सोडून बाहेर जाऊन यावे. डॉक्टरांशी बोलताना हा त्रासही सांगावा. निदानाच्या निकषांत त्याचा उल्लेख ठळकपणे नसल्याने तो सांगायचा राहून जातो.

जवळच्यांना आणि कामाच्या ठिकाणी सांगताना

एकदा सांगितलेली गोष्ट मागे घेता येत नाही, म्हणून कोणाला, कशासाठी आणि किती सांगायचे हे आधी ठरवावे. कामाच्या ठिकाणी निदानाचे नाव घेण्यापेक्षा नेमकी मागणी करणे बहुधा अधिक फळते. ‘मला एडीएचडी आहे, समजून घ्या’ या वाक्यावर वरिष्ठांनी नेमके काय करावे हे त्यांना कळत नाही. ‘तोंडी ठरलेली कामे त्याच दिवशी दोन ओळींत लिहून मिळाली, तर ती माझ्याकडून सुटणार नाहीत; पहिल्या महिन्यात मीच लिहून पाठवीन, आपण फक्त होकार द्यावा’ असे म्हटले, तर त्यांना ते लगेच मान्य करता येते. निदान न सांगताही हे मागता येते. औपचारिक सवलत हवी असेल तेव्हा मात्र आपल्या देशातला कायदा आणि संस्थेचे नियम वाचून, वैद्यकीय प्रमाणपत्रासह लेखी अर्ज करावा.

घरात वेगळा धोका असतो. एक जोडीदार सतत आठवण करून देणारा आणि दुसरा सतत विसरणारा अशी विभागणी झाली की दोघेही थकतात, आणि प्रेमाच्या जागी देखरेख येते. आठवण करून देण्याचे काम माणसाकडून काढून फळ्याकडे आणि गजराकडे द्यावे. कामे वाटतानाही निम्मी-निम्मी न वाटता, ज्यांना ठरलेली मुदत असते ती एकाकडे आणि जी दिसताक्षणी करता येतात ती दुसऱ्याकडे, अशी वाटणी करून पाहावी. एडीएचडी हे झालेल्या त्रासाचे कारण असू शकते, तरी समोरच्याला झालेला त्रास खराच असतो. म्हणून माफी आणि पुढच्या वेळेची ठोस व्यवस्था या दोन्ही गोष्टी एकत्र द्याव्यात.

न्यूरोडायव्हर्सिटीविषयी जागृती करताना

माणसांचे मेंदू वेगवेगळ्या पद्धतींनी काम करतात आणि हा फरक मानवी वैविध्याचाच भाग आहे, ही न्यूरोडायव्हर्सिटीची मांडणी १९९० च्या दशकात ऑटिस्टिक व्यक्तींच्या आपापसांतल्या चर्चांतून पुढे आली, आणि १९९८ मध्ये समाजशास्त्रज्ञ जुडी सिंगर व पत्रकार हार्वे ब्लूम यांच्या लेखनातून ती व्यापक वाचकांपर्यंत पोहोचली. ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण), डिस्प्रॅक्सिया (हालचालींचा मेळ साधण्यातली अडचण) अशा अनेक स्थिती आज तिच्या कक्षेत येतात. ही मांडणी अडचणी नाकारत नाही. एडीएचडीला ‘दैवी देणगी’ म्हणून मिरवणे मला मान्य नाही, कारण ज्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि ज्यांचे अपघात झाले त्यांच्यावर त्यातून अन्यायच होतो. आणि ‘सगळ्यांचेच थोडेफार असे होते’ असे म्हणून ती स्थिती पुसून टाकणेही तितकेच घातक आहे.

‘हे मोबाइलच्या काळातले नवे फॅड आहे’ असे कोणी म्हणाले, तर इतिहास सांगावा. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली लंडनमधील व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत १९८० मध्ये अवधानावर भर देणारे नाव आले आणि १९८७ मध्ये आजचे नाव. पूर्वी लक्षणे ७ वर्षांच्या आत दिसायला हवीत अशी अट होती; ती २०१३ मध्ये १२ वर्षांवर आणली गेली. निदान वाढलेले दिसते त्यामागे असे बदल आणि वाढलेली ओळख यांचा मोठा वाटा आहे. प्रौढांत एडीएचडीचे प्रमाण साधारण २.५ ते ३ टक्के धरले जाते, म्हणजे शंभर जणांच्या संस्थेत दोन-तीन व्यक्ती असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्यांतल्या काहींना ते स्वतःलाही माहीत नसेल.

शाळेत किंवा कार्यालयात बोलण्याची संधी मिळाली, ऑक्टोबर महिना अनेक देशांत एडीएचडी जागृतीसाठी पाळला जातो त्या निमित्ताने किंवा एरवीही, तर लक्षणांची लांबलचक यादी वाचून दाखवू नये. एक प्रसंग सांगावा आणि एक बदल मागावा. बैठकीची विषयपत्रिका आदल्या दिवशी मिळणे, निर्णय लेखी येणे, लांब बैठकीत उभे राहण्याची किंवा हातात काही चाळवण्याची मुभा असणे, एक शांत कोपरा उपलब्ध असणे. यांपैकी कोणताही बदल स्वस्त आहे आणि निदान नसलेल्यांनाही तो आवडतो. महिनाभराने तो टिकला आहे का हे विचारावे आणि मगच दुसरा सुचवावा. बोलताना फक्त स्वतःविषयी बोलावे. सहकाऱ्याची, मुलाची किंवा विद्यार्थ्याची गोष्ट त्याच्या संमतीवाचून सांगू नये, आणि उपस्थितांपैकी कोणाकडे बोट दाखवून त्याचे निदान तर मुळीच करू नये.

अशा बोलण्यानंतर कोणीतरी बाजूला येऊन हळूच विचारते, ‘मलाही हे असेल का?’ होय किंवा नाही असे उत्तर देऊ नये. त्या व्यक्तीला निवांत जागी न्यावे आणि तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे. लहानपणीचे शेरे आठवतात का, आणि ही अडचण घरी व कामावर दोन्हीकडे येते का, एवढेच विचारावे. तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाचे नाव व क्रमांक तोंडी न सांगता लगेच लिहून द्यावा, आणि तिला हवे असेल तर ती भेटीसाठी फोन लावेपर्यंत तिथेच तिच्याजवळ बसावे.